अकरा घरांचं पाणी

उंबरदांडावर पाहुणा येणार असला की आधी पाणी गोळा व्हायचं. चहा-साखर नंतर, गोधड्या झटकणं त्याच्याही नंतर. ज्या घरी पाहुणा, त्या घरी बाकीच्या दहा घरच्या बाया आपापला हंडा, कळशी, तपेलं, जे असेल ते डोक्यावर घेऊन यायच्या आणि ओतून जायच्या. रांजण काठोकाठ, पिंप काठोकाठ, न्हाणीतलं घंगाळ भरलेलं, आणि वर दोन तांबे अंगणात शिंपडून माती ओली केलेली. पाहुण्याने पाय धुवायला पाणी मागितलं की घरधनीण तांब्याऐवजी बादलीच पुढे करायची. "घ्या की, पाण्याला हितं काय तोटा!"

हे सारं सोंग पोरांच्या लग्नांसाठी. वेल्ह्याच्या या डोंगरावरून पावसाळ्यात चार महिने धबधबे कोसळतात आणि शिमगा झाला की जीभ ओली करायला पाणी राहत नाही, हे सगळ्या मुलखाला ठाऊक. असल्या वस्तीला मुलगी कोण देणार? म्हणून उंबरदांडाने पिढ्यान् पिढ्या पाणी दाखवून सुना आणल्या. नलूही तशीच आलेली. तीस वर्षांपूर्वी तिच्या बापाने ओलं अंगण बघितलं आणि सुपारी फोडली. अंगावरची हळद उतरली नव्हती तोवर सासूने हातात हंडा दिला आणि कपारीची वाट दाखवली. नलू त्या दिवशी पोटभर रडली. पुढच्या वर्षी शेजारच्या दिराला बघायला माणसं आली, तेव्हा सगळ्यात आधी तिनेच आपला हंडा नेऊन ओतला.

कपार म्हणजे वस्तीच्या वर, अर्ध्या तासाच्या चढावर, काळ्या खडकातली एक फट. आत गुडघे टेकून शिरायचं, करवंटीने पाणी खरवडायचं, हंड्यात टाकायचं. करवंटी तीनदा बुडवली की बूड दिसायचं. मग पाझर साचेपर्यंत गप बसायचं. चैत्रात एक हंडा भरायला पाऊण तास लागे. अकरा घरांचे हंडे बाहेर रांगेने ठेवलेले असत आणि रांग कुणी मोडत नसे. नलूच्या टाळूवर चुंबळीच्या जागी रुपयाएवढं टक्कल पडलं होतं. पदर तिथून घसरला की ती लगेच सावरायची. बाकी कशाचीच लाज तिला नव्हती.

दोन वर्षांमागे दारोदार नळ मात्र बसले होते. टाकी बांधली खाली, वस्ती वर. पहिले दोन दिवस मोटारीने कसंबसं पाणी चढवलं, फोटो निघाले, आणि मोटारीने जीव टाकला. तेव्हापासून नलूच्या दारातल्या नळाला शेळी बांधलेली असे. खुंटा म्हणून नळ फार चांगला, हलत नाही.

यंदा घाई होती ती विराजची. नलूचा हा एकुलता एक. आयटीआय केलेला, वरव्याजवळच्या एका कारखान्यात लागलेला, वयाने एकोणतीस. पाच ठिकाणांहून नकार आले होते. मुलात खोट कुणी काढली नाही, "बघू, कळवू" म्हणून सगळे डोंगर उतरले आणि कळवलं कुणीच नाही. आता पालीकडच्या एका वाडीतलं स्थळ आलं होतं. मुलीचं नाव सृष्टी, बारावी झालेली. मुलीकडचं कुणीतरी फाल्गुनात चौकशीला येणार, असा निरोप आला. नलूने वस्तीत वर्दी दिली आणि दहा घरचं पाणी तिच्या रांजणात आलं.

ठरल्या दिवशी माणूस आला खरा. पांढरा शर्ट, पायात बूट, खांद्याला पिशवी, हातात मोबाईल. नलूने त्याला घोंगडीवर बसवलं. धनाजीने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, टोपी नीट केली.

"घरात नळ आहे का काकू?"

"हाय की. दारातच हाय."

"पाणी पुरतं?"

"पुरून उरतं!"

"आणायला लांब जावं लागतं का?"

"जायचं कशाला? हात लावला की धो धो."

त्याने मोबाईलवर टकटक केली. शाळेचं विचारलं, तर नलूने विराजचे आयटीआयचे मार्क सांगितले. संडासाचं विचारलं, तर तिला वाटलं, काय हुशार माणसं आहेत, मुलीसाठी सगळं बघतात. फक्त मुलाचा पगार आणि कूळ कसं विचारत नाही, याचं तिला नवल वाटलं. शिरा खाऊन, रांजणाचा फोटो काढून तो उठला. "काकू, तुमची वस्ती एक नंबर!" म्हणाला. नलूला वाटलं, जमलंच.

तिसऱ्या दिवशी मुलीकडची खरी माणसं आली. तोवर रांजण रिकामा झालेला. वस्तीच्या बायांनी नलूला शिव्या घालत घालत पुन्हा पाणी ओतलं. पहिला माणूस कोण होता, याचा विचार त्या गडबडीत कुणी केला नाही. स्थळ जमण्याच्या वाटेला लागलं होतं. मग नलू आणि धनाजी मुलीकडे जाऊन आले. तिथे अंगणात दोन मोठी पिंपं तुडुंब, पाय धुवायला बादली. नलूचा जीव हरखला आणि तेवढाच कसनुसा झाला. एवढ्या पाण्यातली पोर आपण कुठे घेऊन चाललोय? सुपारीची तारीख धरली आठ मे.

एप्रिल लागला. दरवर्षी या दिवसांत वस्तीखालच्या वडापाशी टँकर येई. यंदा वाट बघून डोळे दुखले. धनाजी खाली पिसावळ्याला पंचायतीत गेला आणि तोंड उतरवून परत आला.

"आपल्याला टँकर न्हाई म्हणं."

"का? आपुन काय घोडं मारलंय त्यांचं?"

"कम्पुटरात लिवलंय. उंबरदांड, घरं अकरा, नळ अकरा, पाणी मुबलक. म्हायती कुणी दिली त्याचं नावबी हाय."

"कुणाचं?"

"तुजं."

म्हणजे तो पाहुणा नव्हताच, माहिती लिहून न्यायला आलेला सरकारी माणूस होता. पांढरा शर्ट, बूट आणि शिरा एकदम नलूच्या डोळ्यांपुढे आला.

चार दिवसांनी भर उन्हात एक बाई छत्री घेऊन चढ चढताना दिसली. लांबून पाहुणाच वाटला. नलूचे हात सवयीने चालले. घरात कळशीभर पाणी होतं, त्यातले दोन तांबे तिने अंगणात शिंपडले. शिंपडल्यावर तिला स्वतःचाच राग आला.

बाई म्हणजे पंचायतीची ग्रामसेविका मधुवंती. भोरची, कचेरीत नोकऱ्या करणाऱ्यांच्या घरातली. स्कूटी खाली ठेवून चालत आली होती. चपलेचा अंगठा तुटलेला, तो रुमालाने बांधलेला. तिने आधी ओलं अंगण बघितलं, मग नळाला बांधलेली शेळी बघितली. शेळीला बाजूला सारून तिने नळ सोडला. नळातून फूस्स झालं आणि एक कोळी बाहेर आला.

"मावशी, अंगण कशाने भिजवलंत?"

नलूने तांब्या पदराआड केला.

"पाणी कुठून आणता ते मला दाखवाल?"

मधुवंतीला घेऊन ती कपारीवर गेली. बाईने बाहेरून बघून फोटो काढला असता तर नलूला नवल वाटलं नसतं. ती साडी खोचून आत शिरली, नलूच्या हातातली करवंटी घेतली आणि खरवडायला लागली. गुडघे सोलले, मानेवर खडकाचा गारठा टपकत राहिला, तरी ती हटली नाही. घड्याळात बघून पाऊण तासाने बाहेर आली तेव्हा हंडा निम्मासुद्धा भरला नव्हता. 'अरेरे' म्हणाली नाही, 'कसं हो जगता' म्हणाली नाही. वहीत वेळ लिहिली. नलूला ही बाई तिथेच आवडली.

"पंचायतीच्या भिंतीवर सतरा रंगीत चौकोन काढलेत, बघितलेत ना मावशी?"

"ती ठिगळाची गोधडी? बघितलीया की."

"त्यातला सहावा चौकोन पाण्याचा. जगातल्या सगळ्या देशांनी मिळून ठरवलंय, अशा सतरा गोष्टींत कुणीच मागे राहायला नको. आता गावाचा आराखडासुद्धा त्यावरूनच करायचा. कुठे काय कमी आहे ते मोजायचं, आणि कमी असेल तिथे आधी काम काढायचं. तुमच्या वस्तीला पाण्यात शंभरपैकी शंभर पडलेत."

"मंग आमाला बक्षीस?"

"बक्षीस मिळालं तर गावाला. तुम्हाला काही नाही. जिथे कमीच नाही तिथे काम कशाला निघेल?"

नलू खो खो हसली आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "काय वं बाई! जल्मभर पाणी हाय म्हणून सांगितलं ते कुणाला खरं वाटलं न्हाई. आन सरकारला मातर पटलं!"

मधुवंतीलाही हसू आवरेना. मग ती गंभीर झाली. "एक मेच्या ग्रामसभेत आकडे वाचले जाणार. सभेने मंजूर केले की वर गेले. मग पुढच्या वर्षीच्या आराखड्यात ही कपार येत नाही. खोदून, टाकी बांधून हे पाणी धरता येईल, बघा, पाझर जिवंत आहे. पण ते तिथे लिहिलेलं पाहिजे."

"मंग तुमीच सांगा की. तुमी बघितलं न्हवं आता?"

"मी सांगणार आहेच. त्या आकड्यांवर सही माझी आहे. सही करायच्या आधी मी वर यायला हवं होतं, आले नाही. पण मी बोलले तर रांजणाचा फोटो पुढे करतील. घर तुमचं आहे, शब्द तुमचा आहे. तुम्ही उभ्या राहायला हव्यात."

नलूचं हसू तिथेच विरलं. सृष्टीचा सख्खा मामा, अमृत, पिसावळ्यातच राहतो. ग्रामसभेत पहिल्या रांगेत बसतो. सभेत बोललेलं दिवस मावळायच्या आत मुलीच्या घरी पोचणार. आठ मेची सुपारी मग कुणाच्या अंगणात फुटायची?

संध्याकाळी तिने विराजला फोन लावला. पलीकडे यंत्रांचा खडखडाट.

"आई, आठ तारखेपर्यंत थांब. सुपारी होऊ दे, मग बोल काय बोलायचं ते."

"सभा एक तारखेला हाय रं."

"मग तुला पटंल ते कर," एवढं म्हणून त्याने फोन ठेवला. रागावला की नाही, तेही कळलं नाही.

वस्तीत कुणकुण लागायला वेळ लागला नाही. सगळ्यात वडील माणूस गेनबा काठी टेकत दारात आला. त्याचे दोन नातू बिनलग्नाचे.

"नले, तुज्या एकट्या पोराचा सवाल न्हाई. सहा पोरं हायेत वस्तीत. चारचौघांत आब्रू उघडी करतीस व्हय?"

"तात्या, त्या सहा जणांच्या बायका आणून काय करणार? हातात हंडाच देणार ना?"

"आमच्या बायकांनी न्हाई काढलं?"

"काढलं की. तुमच्या शेवंताकाकूची कंबर कशानं गेली, तुमाला ठावं हाय."

गेनबाची बायको घरात चार वर्षं अंथरुणाला खिळलेली होती. कपारीवरून भरला हंडा घेऊन घसरली, ती उठली नाही. काठी आपटून तो चालू लागला. धनाजी दिवसभर नलूशी बोलला नाही. सकाळी मात्र तिच्याआधी उठून, बायकांच्या रांगेत उभं राहायची लाज न धरता, तो स्वतः हंडा घेऊन कपारीवर गेला.

एक मेला पंचायतीपुढे मांडव घातला होता. झेंडावंदन झालं, लाडू वाटले. सरपंच सोमनाथ चांगला माणूस, पण गावाच्या नावाचा त्याला फार सोस. यंदा तालुक्यात पहिला नंबर येणार, बक्षिसातून शाळेचा रस्ता करायचा, असं तो दहा जणांना सांगून बसला होता. पहिल्या रांगेत अमृत मामा, गुडघ्यावर टोपी ठेवून.

मधुवंती एकेक चौकोन वाचत गेली. आरोग्य एवढं, शाळा एवढी. "पाणी. गाव आणि वाड्या मिळून शंभर. उंबरदांड, शंभर. या आकड्यावर सही माझी आहे आणि जागेवर न जाता मी ती केली. ही माझी चूक सभेपुढे सांगते. कुणाची हरकत आहे का?"

मांडवात कुजबुज झाली. नलूला उठायचं होतं. चार पायली भात डोक्यावरून नेणारी बाई, पण स्वतःचं अंग तिला उचलेना. तिने शेजारणीच्या खांद्यावर हात रोवला आणि उभी राहिली. पदर टाळूवरून घसरला. ती सावरायला गेली, आणि मग सावरलाच नाही.

"म्या खोटं बोलले," ती म्हणाली.

पुढच्या रांगेतली डोकी मागे वळली.

"त्यो पोरगा आला, मला वाटलं पोरीकडचा पाव्हणा. आमच्यात पाव्हण्याला पाणी दाखवायची रीत हाय. फोटूतला रांजण माजा हाय, पाणी माजं न्हाई. अकरा घरचं हाय. त्या दिशी दहा घरची पोरं पाण्यावाचून बसली. नळाला म्या शेळी बांधती. हंडा भराया पाऊण तास लागतो. बाईंनी सोता भरून बघितलाय."

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. "शिरा खाऊ घातला म्हणं सरकारला!" मांडव खदखदला. नलूचे कान तापले, पण ती बसली नाही.

सोमनाथ ओठ चावत होता. "वैनी, फोटोत तर धडधडीत पाणी दिसतंय. आता तुम्ही म्हणता ते तरी खरं कशावरून? टँकरसाठी म्हणत असाल."

खोटं बोललेल्या माणसाने खरं कसं पटवायचं? तेवढ्यात मांडवाच्या टोकाशी काठी आपटली. गेनबा. तो कधी खाली उतरला, कुणाला दिसलं नव्हतं.

"त्यातलं दोन हंडं माज्या घरचं," तो म्हणाला. "माज्या नातीनं वतलं. म्याच सांगितलं वत म्हणून."

"एक कळशी आमची," वस्तीतल्या कोंडिबाची बायको उठली.

"आमचं तपेलं व्हतं."

"आमचा हंडा. पितळी. कडंला चेपलेला, फोटूत बघा, रांजणाजवळच दिसंल."

उंबरदांडाची माणसं एकेक उठत गेली आणि आपापलं भांडं सांगत गेली. ज्या पाण्याने अब्रू झाकली, ते ज्याने त्याने भर सभेत परत मागून घेतलं. आता कुणी हसत नव्हतं. मधुवंती मान खाली घालून भराभर लिहीत होती.

सोमनाथने फोटो डोळ्यांजवळ नेला. रांजणाजवळचा चेपलेला हंडा त्याला दिसला. बराच वेळ तो भिंतीवरच्या चौकोनांकडे बघत राहिला. पहिला नंबर त्याच्या डोळ्यांदेखत जात होता. मग त्याने पेन मागितला.

"शंभर खोडा. उंबरदांडाच्या पुढं शून्य लिहा. आन आराखड्यात पहिलं काम कपारीचं. हरकत कुणाची?"

हरकत कुणाचीच नव्हती. अमृत मामा तेवढा टोपी घालून, कुणाशी न बोलता, मांडवाबाहेर गेला. नलूने त्याच्या पाठीकडे बघितलं. तिला जिंकल्यासारखं काही वाटलं नाही. विराजला काय सांगायचं, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

मामा गेला तो आठवडाभर काही निरोप नाही. विराज सुट्टीला आला. आईने वाढलेलं जेवला, सकाळी उठून दोन हंडे आणले. "खांदा लई दुखतो गं," एवढंच म्हणाला. नलूला वाटलं, यापेक्षा चार शब्द बोलला असता तर बरं झालं असतं.

आठ तारखेला सकाळी चढावर माणसं दिसली. पुढे मामा, मागे सृष्टीचे आई-बाप, आणि त्यांच्या मागे मुलगी. सुपारीला येतात की मोडायला, कळायला मार्ग नव्हता. शेजारणी हंडे उचलून धावत आल्या. नलूने दारात हात आडवा धरला.

"कुणी वतू नका. जे हाय ते हाय."

अंगण कोरडं राहिलं. रांजणात वीतभर पाणी. पाहुणे आले, तेव्हा नलूने तांब्याभर पाणी पुढे केलं आणि म्हणाली, "पायावर जरा बेतानं घ्या. प्यायाला एवढंच हाय."

सृष्टीच्या बापाने तांब्या हातात घेतला आणि पाय न धुताच खाली ठेवला. बायकोकडे बघितलं, घसा खाकरला.

"मेव्हण्यानं समदं सांगितलं," तो म्हणाला. "तवापास्नं आमच्या घरात झोप न्हाई. वैनी, तुमी पोरीला बघाय आमच्याकडं आला व्हता, बादलीभर पाण्यानं पाय धुतलं, आठवतंय?"

"व्हय. दोन पिंपं भरली व्हती तुमच्याकडं."

"ते नऊ घरचं पाणी व्हतं."

नलूने आपल्या रांजणाकडे बघितलं. मग नलू हसायला लागली, सृष्टीची आई हसायला लागली, आणि दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून इतक्या हसल्या की नळाची शेळी बिचकून उभी राहिली.

धनाजीने सुपारी आणली. ती कोरड्या अंगणात फुटली.

सृष्टी तोवर चुलीपाशी येऊन नलूच्या शेजारी बसली होती. तिने आवाज खाली केला. "आत्या, आमची ग्रामसभा पंधरा ऑगस्टला हाय. आई म्हणती, ती उभी ऱ्हाणार. पहिला शब्द काय बोलला तुमी?"

नलूने पदर टाळूवरून मागे सारला.

"म्या खोटं बोलले," ती म्हणाली. "एवढं म्हणलं की फुडलं आपसुक येतं बग."